वृंदाबाई रस्ता ओलांडतात

आपल्या तक्रारीचं पुढे काही होणार नाही, हा भरवसा असला की माणूस वर्षानुवर्षं सुखानं तक्रारी करू शकतो. पेणच्या मिठागर रोडवर राहणाऱ्या विष्णु कर्णिक सरांचा हा भरवसा एका सोमवारी मोडला, आणि पुढचं सगळं त्यातून झालं.

सर शाळेत इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायचे. नागरिकशास्त्र हा इतिहासाच्या शेपटीला बांधलेला विषय. मार्चमध्ये वेळ उरला तर शिकवायचा, आणि वेळ कधी उरला नाही. ही उणीव सरांनी निवृत्तीनंतर पूर्ण गावाकडून भरून घ्यायचं ठरवलं. नगरपालिकेनं तक्रारींसाठी ॲप काढलं तेव्हा सरांना नोकरी परत लागल्यासारखं झालं. घंटागाडीची घंटा वाजत नाही. वाजते, पण गाडी थांबत नाही. थांबते, पण चालक फोनवर बोलत बसतो. गाय रस्त्याच्या मधोमध बसली आहे. कालची गाय आज नाही, पण शेण तिथंच आहे. प्रत्येक तक्रारीला फोटो. उत्तर यायचं, 'आपली तक्रार नोंदवली आहे.' सरांना तेवढं पुरायचं. त्यावर दुपारची झोप त्यांना फार चांगली लागायची.

सरांच्या बंगल्याला लागून काळुराम पाटलाचा कारखाना. बाहेरगावी कारखाना म्हटला की धूर येतो, पेणमध्ये गणपती येतात. काळुरामकडे वर्षभर मूर्तींचं काम चाले. ऊन पडलं की कच्च्या मूर्ती फळ्यांवर मांडून रस्त्याच्या कडेला वाळत ठेवायच्या, ही त्याच्या वडिलांपासूनची पद्धत. कडेला म्हणजे सुरुवातीला कडेलाच. पण मागणी वाढली, मूर्ती वाढल्या, आणि कड हळूहळू आत सरकली. संक्रांतीच्या सुमाराला मिठागर रोडच्या दोन्ही अंगांना पांढऱ्याशुभ्र, अजून डोळे न उघडलेल्या गणपतींच्या रांगा लागायच्या आणि मधून एक वाहन जेमतेम जाईल एवढी वाट उरायची.

सरांनी त्याचाही फोटो काढला. खाली लिहिलं, 'सार्वजनिक रस्ता वाळवणासाठी नाही.' आणि जाऊन झोपले.

सोमवारी नगरपालिकेचा अमोल नावाचा तरुण इंजिनीअर टेप घेऊन आला. त्यानं रस्ता मोजला, काळुरामशी अदबीनं बोलला, नोटीस दिली आणि मूर्ती आत घेण्यासाठी त्याला पुरेसा अवधीही दिला. काळुराम चिडेल असं सगळ्यांना वाटलं होतं. तो चिडला नाही. त्यानं गच्चीवर मांडव घातला, मूर्ती वर नेल्या, आणि आठवडाभरानं सरांना भेटून म्हणाला की वर ऊन जास्त लागतं, वारा खेळतो, कुत्र्यांचा त्रास नाही, सरांनी हे आधीच का नाही सुचवलं. तो हे मनापासून म्हणत होता, त्यामुळे सरांना त्याचं काय करावं ते कळेना.

मिठागर रोड नागरिक समितीनं सरांना शाल आणि नारळ दिला. समितीचे अध्यक्ष सरच असल्यामुळे शाल कुणी घालायची यावर थोडा वेळ गेला. शेवटी ती सरांच्या पत्नीनं, वृंदाबाईंनी त्यांना घातली. भाषणात सर म्हणाले की हा माझा विजय नाही, नागरिकशास्त्राचा आहे. त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, पण ते कुणाला बोलले नाहीत.

रस्ता मोकळा झाला. इतका मोकळा झाला की तो रस्ता आहे हे लोकांच्या लक्षात आलं. डोलवीच्या पोलाद कारखान्याची शिफ्ट गाठायला निघालेली पोरं बाजारपेठेतून जायची, ती इकडून जाऊ लागली. मग त्यांच्यामागून रेतीचे डंपर आले, शाळेच्या व्हॅन आल्या, आणि हायवेवरची गर्दी टाळायला सांगणाऱ्या मोबाईलमधल्या बाईनंसुद्धा लोकांना मिठागर रोडवर वळवायला सुरुवात केली. नगरपालिकेनं कडेला पांढरे पट्टे मारून दिले. पट्टे इतके सरळ होते की ते बघून गाड्यांना आणखी जोर चढायचा.

आणि वृंदाबाईंचं पलीकडे जाणं बंद झालं.

पलीकडे, बरोबर समोर, ठमाबाई म्हात्रे राहायच्या. ठमाबाई मूळच्या खाडीकडच्या. माहेर, सासर दोन्हीकडे मिठागरावर काम. तरुणपणी डोक्यावर मिठाची पाटी घेऊन पेणमध्ये दारोदार यायच्या, त्यात कर्णिकांचं दार होतं. वृंदाबाईंना मीठ लागो न लागो, ठमाबाई पाटी उतरवायच्या आणि पाणी प्यायच्या. पुढे त्यांच्या मुलानं, निलेशनं, समोरच घर बांधलं. तो काळुरामचा टेम्पो चालवतो. मीठ पिशवीतून मिळायला लागलं, पण बसणं चालू राहिलं. जेवणं आटोपली, सर झोपले, की वृंदाबाई रस्ता ओलांडून ठमाबाईंच्या पडवीत जायच्या आणि चहाच्या वेळेला परत यायच्या. ठमाबाईंचे गुडघे गेल्यापासून त्यांना पायरी उतरवत नाही, त्यामुळे येणं-जाणं सगळं वृंदाबाईंकडे.

गणपती रस्त्यावर होते तेव्हा हे सोपं होतं. कुणाचा धक्का लागून मूर्तीचा हात गेला तर गाडीवाल्याला त्याचं त्यालाच वाईट वाटेल, अशी व्यवस्था होती. मोटारसायकलवाले पाय टेकत टेकत जायचे, एक हात हॅण्डलला आणि एक छातीला लावून. त्या वाटेतून वृंदाबाई हातात वाटी घेऊन, पदर सावरत, दोन्हीकडे न बघता जायच्या. आता त्या फाटकाशी उभ्या राहायच्या, एक पाऊल टाकायच्या, मागे घ्यायच्या. वाटीतलं वालाचं बिरडं थंड व्हायचं. मग त्या ते परत नेऊन गरम करायच्या.

सुरुवातीला दोघी आपापल्या बाजूनं ओरडून बोलल्या. पण ओरडून सांगता येतात त्या गोष्टी सांगण्यासारख्या नसतात. ठमाबाईंच्या सुनेनं भाजीत काय कमी घातलं हे पाच घरांनी ऐकलं आणि त्यात सूनही होती. फोन होता, पण ठमाबाईंना तो पटत नसे. "तोंड दिसत नाय गो, माणूस खोटं बोलतंय का खरं, काय कलायचं?" असं त्यांचं म्हणणं.

एके दुपारी वृंदाबाईंनी सरांना झोपेतून उठवलं.

"रस्ता तुम्ही मोकळा केलात," त्या म्हणाल्या. "आता मला पलीकडे नेऊन सोडा."

सरांनी नागरिकाची जबाबदारी झटकली नाही. रोज दुपारी लाल छत्री उघडून ते रस्त्याच्या मधोमध उभे राहायचे, हात आडवा करायचे आणि पत्नीला पार करायचे. पण एकदा पलीकडे गेल्यावर परत येऊन पुन्हा न्यायला जाणं, म्हणजे झोपेचे दोन तुकडे. म्हणून ते तिथंच पायरीवर बसून राहू लागले. मग झालं असं, की वृंदाबाई पलीकडे पोचल्या, पण बोलणं पोचेना. मास्तर पायरीवर बसलेत म्हटल्यावर ठमाबाई पावसाविषयी बोलायच्या. महिना मार्च. सर मधूनच वळून सांगायचे की हवामान खात्याचा अंदाज अजून यायचा आहे. दोघी बायका मान हलवायच्या आणि भिंतीकडे बघायच्या.

सरांच्याही लक्षात आलं की असं फार दिवस चालणार नाही. त्यांनी ॲपवर मागणी टाकली: मिठागर रोडवर गतिरोधक बसवावा. अमोल पुन्हा आला. हा मुलगा दखल घेतल्याशिवाय राहतच नसे. तो म्हणाला की करू, प्रस्ताव करू, पोलिसांचं पत्र लागेल ते मी आणतो, फक्त तुम्ही रहिवाशांनी जागा एकमतानं ठरवून द्या, नंतर कुणाची हरकत नको.

सभा सरांच्या अंगणात भरली. स्पीडब्रेकर हवा, यावर एका मिनिटात एकमत झालं. मिठागर रोडच्या इतिहासात इतकं जलद एकमत आधी झालं नव्हतं आणि पुढच्या प्रश्नानंतर तेही राहिलं नाही. प्रश्न असा, की कुणाच्या दारासमोर?

दत्तात्रेय प्रधान म्हणाले की त्यांची ना नाही, पण त्यांच्या दारासमोर गाड्या ब्रेक मारतील, पुन्हा गिअर टाकतील, धूर बैठकीत येईल आणि बैठकीत त्यांच्या वडिलांचा फोटो आहे. कोपऱ्यावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरांचं म्हणणं, माझ्या दारासमोर बसवा, पण मग पाठीचे पेशंट आले तर ते मी तयार केले असं लोक म्हणतील. एका घरात परीक्षा होती, एका घरात तान्हं मूल होतं, एकाचा कुत्रा ब्रेकच्या आवाजाला भुंकत असे आणि भुंकला की शेजाऱ्याचा भुंकत असे. सगळ्यांच्या हरकती ऐकून झाल्यावर साहजिकच कुणीतरी म्हणालं की मग सरांच्याच दारासमोर बसवू, ओलांडायचं तर काकूंना आहे. सर म्हणाले की अध्यक्षानं स्वतःच्या दारी सोय करून घेणं नागरिकशास्त्राला धरून होणार नाही.

काळुराम मागे उभा होता. त्याला विचारल्यावर म्हणाला, "दार कुणाचं पण असूंदे. माझ्या गाड्या सगळ्यांच्या दारावरनं जातात. टेम्पो उडला की पहिली सोंड जाते, मग हात. हात मोडलेला देव तुमच्यात कोण घेऊन जाईल, त्यांनी नाव सांगा."

सर नागरिकशास्त्राचे असल्यामुळे त्यांनी पुरावा मागितला. नीट बांधलेल्या गतिरोधकावरून नीट चालवलेला टेम्पो गेला तर मूर्तीला काही होत नाही, असं सरांचं मत. काळुराम म्हणाला की मत ठेवा, मूर्ती मी देतो. प्रयोग करायचा ठरला. पण पेणमधल्या कुठल्याही स्पीडब्रेकरवर प्रयोग केला तर त्या भागातले लोक विचारतील की आमच्याच भागात का. म्हणून रोह्याला जायचं ठरलं. सरांची मुलगी तनया रोह्याला दिलेली. तिच्या सोसायटीच्या रस्त्यावर रहिवाशांनी रीतसर परवानगी घेऊन बांधलेला एक स्पीडब्रेकर होता आणि त्याचं ती फोनवर कौतुक करत असे. सरांनी याला अभ्यास दौरा असं नाव दिलं.

निलेशनं टेम्पो काढला. मागे काही कच्च्या मूर्ती, लहान-मोठ्या, भाताच्या पेंढ्यात नीट बसवलेल्या. काळुराम निलेशशेजारी बसला. सरांनी मागे, मूर्तींच्या जवळ बसायचा हट्ट धरला, कारण निरीक्षण प्रत्यक्ष घटनास्थळी करायचं असतं. त्यांच्या हातात वही नव्हती, पण चेहरा वहीसारखा होता.

हायवेनं नागोठण्यापर्यंत काही विशेष झालं नाही. म्हणजे हायवेवर जे नेहमी होतं तेच झालं. सरळ रोह्याचा रस्ता सोडून निलेशनं टेम्पो कोलाडपर्यंत नेला, कारण तिथल्या एका टपरीवरची मिसळ त्याला आवडते. मिसळ खाताना तो म्हणाला की इथपर्यंत देव शाबूत आलेत म्हणजे आता रोह्याचा स्पीडब्रेकर त्यांचं काय वाकडं करणार. काळुरामला हे पटलं नाही, पण त्यानं तर्री जास्त मागितली.

तनयाच्या सोसायटीत चहा झाला. प्रयोग बघायला नदीपलीकडच्या अष्टमी गावाहून तिचे चुलतसासरे पूल ओलांडून मुद्दाम आले होते. निलेशनं टेम्पो स्पीडब्रेकरवरून नेला. तो इतक्या हळू नेला की मागून येणारी एक म्हातारी चालत पुढे निघून गेली. मूर्ती हलल्यासुद्धा नाहीत. काळुरामनं हरकत घेतली नाही, पण सरांनी घेतली. प्रयोग खरा असला पाहिजे, ते मागून ओरडले, रोज चालवतोस तसं चालव.

"सर, मागं देव हायत," निलेश म्हणाला.

"देव नाहीत. डोळे उघडलेले नाहीत, पूजा झालेली नाही. तो माल आहे. चालव."

निलेशनं टेम्पो मागे घेतला आणि रोज चालवतो तसा चालवला.

पेंढा उघडून पाहिला तेव्हा सगळ्या मूर्ती जशाच्या तशा होत्या. एकीच्याही सोंडेला टवका नव्हता. सर मात्र होते तिथून दोन फूट पुढे, आडवे, आणि त्यांना उठता येत नव्हतं. ते म्हणाले की प्रयोग यशस्वी झाला, आणि मला हलवू नका.

परतीच्या प्रवासात त्यांना मूर्तींसारखंच पेंढ्यात बसवून आणलं. त्यानंतर त्यांना काही झालं नाही, हे काळुरामनं समितीला आवर्जून सांगितलं. चूक कबूल करायला तो तयार होता. स्पीडब्रेकरला त्याची हरकत उरली नव्हती, कुठेही बसवा. डॉक्टरांनी सरांना पट्टा दिला आणि सक्त विश्रांती सांगितली. पडल्या पडल्या सरांनी बराच विचार केला आणि अमोलला फोन करून मागणी मागे घेतली. गतिरोधक हे ज्येष्ठ नागरिकांच्या पाठीच्या कण्याला घातक आहेत, असं ते आता अनुभवानं सांगू शकत होते. अमोलनं त्याचीही नोंद घेतली.

या सगळ्यात वृंदाबाईंचं पलीकडे जाणं आधी होतं त्याहून मागे गेलं. छत्रीवाला माणूस आता खाटेवर होता. त्याला गरम पाण्याची पिशवी, वर्तमानपत्र आणि ऐकणारं कुणीतरी लागे. वृंदाबाई दुपारी फाटकाशी जायच्या, समोर पडवीत ठमाबाई दिसायच्या, दोघी हात हलवायच्या, मधून डंपर जायचा. डंपर गेल्यावर दोघींचे हात अजून वरच असायचे.

मग एक दिवस पडवी रिकामी दिसली. दुसऱ्या दिवशीही.

निलेश सकाळी टेम्पो काढायला आला तेव्हा वृंदाबाईंनी त्याला गाठलं. तो म्हणाला की आईला ताप आहे, डॉक्टर येऊन गेले, घाबरण्यासारखं काही नाही, पण खात नाही, कुणाशी बोलत नाही. सुनेनं पेज दिली तर म्हणे अळणी, मीठ घातलं तर म्हणे खारट. एवढं बोलून तो गाडी काढायला गेला. वृंदाबाई तिथंच उभ्या राहिल्या.

दुपारी त्या काळुरामच्या कारखान्यात गेल्या. तो गच्चीवर मूर्ती फिरवून ठेवत होता, उन्हाकडची बाजू सावलीकडे. वृंदाबाई जिना चढून वर आल्या तसा तो हात पुसत उभा राहिला आणि त्यांना बसायला फळी दिली. त्या बसल्या नाहीत. त्यांनी सांगितलं की मूर्ती पुन्हा खाली रस्त्यावर मांड. काळुरामला वाईट वाटलं. तो म्हणाला की काकू, दुसरं काहीही सांगा, पण मी नगरपालिकेला लिहून दिलंय, पुन्हा रस्त्यावर ठेवणार नाय म्हणून. सरांनी लावलेली शिस्त मीच मोडली तर सर काय म्हणतील?

"रस्त्यावर ठेवायची नाही," वृंदाबाई म्हणाल्या.

"व्हय, ठेवायची नाय."

"हातात धरली तर?"

काळुरामनं यावर विचार केला. नोटिशीत तसं काही नव्हतं. त्यानं एक मध्यम मूर्ती निवडली, फार जड नाही, नीट वाळलेली, आणि पाटावर ठेवून खाली आणून दिली. वृंदाबाईंनी बिरड्याचा डबा पिशवीत घालून पिशवी कोपराला अडकवली, पदर खोचला, आणि पाट दोन्ही हातांनी छातीशी धरला. मग फाटकातून बाहेर पडल्या आणि सरळ चालू लागल्या. त्यांनी उजवीकडे पाहिलं नाही, डावीकडेही पाहिलं नाही.

पहिली मोटारसायकल शिफ्टवाल्या पोरांची होती. तिचा टायर रस्त्यावर ओरडला. मागचा पुढच्याला आदळता आदळता राहिला आणि त्याला शिवी देणार, तेवढ्यात त्याला गणपती दिसला. शिवी तोंडात होती तिथंच राहिली. पलीकडून डंपर येत होता, तो फुसकारून थांबला. ड्रायव्हरनं टोपी काढली. शाळेच्या व्हॅनमधली मुलं खिडक्यांतून मोरया म्हणाली आणि सोबतच्या शिक्षिकाबाईंनी त्यांना दटावलं नाही. एका गाडीवाल्यानं काच खाली करून शेजारच्या माणसाला विचारलं की आज काय आहे, चतुर्थी का. तो म्हणाला असेल. दोघांनी हात जोडले. सगळा मिठागर रोड उभा होता आणि त्याच्या मधून वृंदाबाई कर्णिक नेहमीच्या चालीनं, म्हणजे जरा फेंगड्या पायांनी, पलीकडे गेल्या.

पडवीत कुणी नव्हतं. त्या आतल्या खोलीत गेल्या. ठमाबाई खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. चाहूल लागली तशी त्यांनी कूस बदलली. आधी वृंदाबाईंकडे पाहिलं, मग पाटावरच्या मूर्तीकडे.

"का गो, एवढं जास्त झालंय काय मना?" ठमाबाई म्हणाल्या. "एकदम देवच आनलास."

"मला सोडायला आलाय," वृंदाबाई म्हणाल्या. "रस्ता ओलांडायला."

ठमाबाईंनी ते समजून घेतलं. मग त्या उठून बसल्या, उशी पाठीला लावली आणि सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितला. चहा आला. सून बाहेर गेली. वृंदाबाईंनी डब्याचं झाकण काढलं. ठमाबाईंनी दाराकडे एकदा पाहिलं, मग कोपऱ्यात ठेवलेल्या मूर्तीकडे.

"त्याला जरा तिकडं तोंड करून ठेव," त्या म्हणाल्या. "आपल्याला बोलायचं हाय."

वृंदाबाईंनी गणपतीचं तोंड भिंतीकडे केलं. मग दोघी बोलल्या. काय बोलल्या ते कुणाला ऐकू गेलं नाही. ठमाबाईंनी बिरडं खाल्लं आणि मिठाविषयी काही बोलल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी वृंदाबाई पुन्हा गेल्या, आणि तिसऱ्या. काळुरामनं ती मूर्ती विकायची नाही असं ठरवलं. प्रधानांना पलीकडे वाण्याकडे जायचं होतं, त्यांनी मागितली. डॉक्टरांची नर्स मागू लागली. लवकरच अडचण अशी झाली की मूर्ती ज्या बाजूला असे, त्या बाजूच्या लोकांनाच ओलांडता येई. दुसऱ्या बाजूचे लोक कुणीतरी इकडे येण्याची वाट बघत बसत. समितीनं यावर सभा घेतली आणि दोन मूर्ती ठेवायचा ठराव केला. प्रत्येकानं आपली मूर्ती आपल्याच बाजूला परत आणून ठेवावी, हेही ठरलं. हा ठराव सगळे पाळतात, हे त्यातलं आश्चर्य. नगरपालिकेचा अमोल येऊन बघून गेला. हातात धरलेली मूर्ती अतिक्रमणात बसत नाही, असं त्यानं सांगितलं. झेब्रा पट्टे मारून देऊ का, असंही त्यानं विचारलं. लोक म्हणाले मारा, पण त्यानं कुणी थांबत नाही. पट्टे मारले आहेत. छान दिसतात.

सर हे सगळं खिडकीतून बघत होते. त्यांना ते मान्य नव्हतं. रस्ता ओलांडणं हा पादचाऱ्याचा हक्क आहे, कृपा नाही, असं त्यांनी वृंदाबाईंना तीन-चार प्रकारे समजावलं. वृंदाबाईंनी चारही प्रकारे ऐकून घेतलं आणि दुपारी पाट उचलून गेल्या.

पाठ बरी झाली तशी एका दुपारी सर उठले. चहाची वेळ झाली होती, चहा करायला घरात कुणी नव्हतं. पट्टा बांधून ते फाटकाशी आले. काळुरामनं पुढे होऊन या बाजूची मूर्ती देऊ केली. सरांनी ती नाकारली. ते झेब्रा पट्ट्यांच्या टोकाशी उभे राहिले, कायद्यानं उभं राहायचं असतं तिथे, आणि उजवा हात आडवा केला. एक डंपर गेला. मग मोटारसायकली गेल्या. सरांनी हात बदलला.

समोर पडवीत दोघी बसल्या होत्या. ठमाबाई आता बऱ्या झाल्या होत्या आणि बाहेर बसू लागल्या होत्या. त्यांना सर दिसले.

"मास्तर उभे हायत गो," त्या म्हणाल्या. "जातेस आनायला?"

वृंदाबाईंनी त्या बाजूला पाहिलं. व्हॅन गेली, रिक्षा गेली, मोबाईलमधल्या बाईनं वळवलेली मुंबईची एक मोठी गाडी गेली. सर नियमाप्रमाणे उभे होते.

"त्यांचा हक्क आहे," वृंदाबाई म्हणाल्या. "मिळेल हळूहळू. तू सांगत होतीस ना, सुनेचं काय झालं?"